जुन्या विद्युत सायकलीचा वेग : काटकसरीची सुधारणा आणि तिची मर्यादा

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे आसपासच्या खेड्यांचा नित्य संबंध असलेले मोठे गाव आहे. शाळा, बँक, दवाखाना, कृषी सेवा केंद्र अथवा बाजार यांसाठी चार-सहा किलोमीटरची ये-जा ही मराठवाड्यातील अशा परिसराची रोजची गरज होय. एस.टी.ची वेळ साधत नाही, मोटारसायकलीचे पेट्रोल परवडत नाही आणि साध्या सायकलीने उन्हातान्हात दमछाक होते, अशा स्थितीतील माणसाला विद्युत सायकल सोयीची वाटल्यास नवल नाही. घराच्या विजेवर ती चार्ज होते, तिला इंधन लागत नाही आणि विहित मर्यादेत असेपर्यंत तिला नोंदणी अथवा वाहन चालविण्याचा परवानाही लागत नाही.

परंतु तीन-चार वर्षे वापरल्यानंतर बहुतेक सायकलींबाबत एकच तक्रार ऐकू येते. सायकल पूर्वीसारखी पळत नाही, चढावर दम टाकते आणि परतीच्या वाटेवर पायडल मारावे लागते. मग अल्प खर्चात वेग वाढविण्याचे उपाय शोधले जातात. कोणी अधिक व्होल्टची बॅटरी जोडण्याचा सल्ला देतो, कोणी कंट्रोलर बदलण्याचा, तर कोणी वेगाची मर्यादा काढून टाकण्याचा. यांपैकी कोणता उपाय खरा उपयोगी, कोणता निरुपयोगी आणि कोणता धोक्याचा, हे समजण्यासाठी सायकलीचा वेग कशावर अवलंबून असतो याचा थोडा अभ्यास करावयास हवा. तो केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या सायकलीत वाढवावयाचा वेग पुष्कळदा तिचा स्वतःचाच हरवलेला वेग असतो आणि तो परत मिळविण्याचा खर्च फारच कमी असतो.

प्रथम मोजमाप

कोणत्याही सुधारणेचा आरंभ मोजमापाने व्हावा. सायकलीवरील डिस्प्ले दाखवील तोच वेग खरा मानणे बरोबर नाही, कारण चाकाच्या व्यासाची नोंद त्यात चुकीची असल्यास आकडाही चुकतो. त्याऐवजी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड उपयोगी पडतात. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि पायडल न मारता अथवा ठराविक गतीने मारीत एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत लागणारा वेळ मोजावा. एक किलोमीटरला २४० सेकंद लागले तर वेग ताशी १५ किलोमीटर, २०० सेकंद लागले तर १८, १८० सेकंद लागले तर २० आणि १५० सेकंद लागले तर २४. ३६०० या संख्येला सेकंदांनी भागले की वेग मिळतो. जाताना व येताना अशा दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढल्यास वाऱ्याचा व उताराचा परिणाम बराचसा वजा होतो.

ही नोंद वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर एका वेळी एकच सुधारणा करावी आणि पुन्हा मोजावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या खर्चाने किती लाभ झाला हे कधीच कळत नाही.

शक्तीचा हिशेब

सपाट रस्त्यावर चालणाऱ्या सायकलीस मुख्यतः दोन विरोधांशी झुंजावे लागते. पहिला विरोध चाकांच्या लोळण्याचा. तो एकूण वजनावर, टायरमधील हवेवर आणि रस्त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. दुसरा विरोध हवेचा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते.

उदाहरणादाखल माणूस, सायकल व पिशवी मिळून १०० किलोग्रॅम वजन धरू. ताठ बसलेला चालक, बऱ्या स्थितीतील टायर व डांबरी रस्ता असे गृहीत धरून हिशेब केला, तर ताशी २० किलोमीटर वेगासाठी चाकापाशी सुमारे १०० वॅट शक्ती लागते. ताशी २५ किलोमीटरसाठी ती सुमारे १७० वॅट होते. ताशी ३५ किलोमीटरसाठी मात्र ती ३९० वॅटच्या आसपास जाते. म्हणजे २५ वरून ३५ वर जाताना वेग दीडपटीहून थोडा कमीच होतो, पण शक्ती सव्वादोनपटीहून अधिक लागते.

याचा परिणाम बॅटरीवर सरळ दिसतो. मोटार व कंट्रोलर यांत होणारा अपव्यय धरल्यास ताशी २५ किलोमीटर वेगाने एका किलोमीटरला सुमारे ९ वॅट-तास ऊर्जा लागते, तर ताशी ३५ किलोमीटर वेगाने सुमारे १५. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची नवी बॅटरी ३६० वॅट-तासांची असते. पहिल्या वेगाने ती सुमारे ४० किलोमीटर नेईल, दुसऱ्या वेगाने सुमारे २४. तीच बॅटरी वापराने ७० टक्क्यांवर आली असेल, तर हे आकडे अनुक्रमे २८ व १७ होतात. वेग वाढविला की पल्ला घटतो, हा नियम कोणत्याही कारागिराला चुकविता येत नाही.

चढाचा हिशेब आणखी वेगळा आहे. शंभर मीटरला तीन मीटर अशा मध्यम चढावर ताशी २० किलोमीटर वेग राखावयाचा म्हटल्यास वरील १०० वॅटमध्ये आणखी १६० वॅटची भर पडते. यास्तव चढावर मंद होणारी सायकल बिघडलेली आहे, असे लगेच मानू नये.

चाकापासून आरंभ

सर्वांत स्वस्त सुधारणा टायरमधील हवेची. हवा कमी असल्याने लोळण्याचा विरोध दुप्पट झाला, तर वरील उदाहरणात ताशी २५ किलोमीटर वेगाला सुमारे ५५ वॅट अधिक लागतात. २५० वॅटहून कमी शक्तीच्या मोटारीसाठी ही मोठी चोरी आहे. टायरच्या कडेवर किती पौंड हवा भरावी ते छापलेले असते. ती मर्यादा पाहून आठवड्यातून एकदा हवा भरावी. बाभळीच्या काट्यांच्या भीतीने कमी हवेवर सायकल चालविण्याची सवय अनेकांना असते. त्याने काटे टळत नाहीत, उलट टायर कडेला फाटतो आणि बॅटरी लवकर उतरते. काट्यांचा त्रास फार असेल, तर टायरच्या आत संरक्षक पट्टी बसविणे हा योग्य उपाय होय.

त्यानंतर प्रत्येक चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे. ब्रेकची रबरे अथवा डिस्कच्या पट्ट्या घासत असतील, तर आवाजावरून ते लगेच कळते. चाक डुलत असेल, तर सायकल दुकानात त्याचा आऊट काढून घ्यावा. हबमधील छर्रे कोरडे पडले असल्यास ते धुऊन नवे ग्रीस भरावे आणि कोन फार आवळू नयेत. मोटार असलेले चाक हाताने फिरविताना थोडा विरोध जाणवतो. हा विरोध काही मोटारींच्या चुंबकीय रचनेचा भाग असतो, म्हणून ती मोटार विनाकारण उघडू नये. चेन धुऊन, पुसून, थोडे तेल द्यावे. काळ्या मातीच्या रस्त्यांवरून चालणाऱ्या सायकलीच्या चेनवर तेल व चिखल यांचा लेप बसतो आणि तो काढल्याविना नुसते तेल ओतत राहिल्याने झीज वाढते.

या सर्व कामांचा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीचा अगदी लहानसा अंश असतो, आणि बरीचशी कामे घरीही होऊ शकतात.

विजेची वाट

यंत्रभाग सुरळीत झाल्यावर विजेच्या मार्गाकडे वळावे. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत आणि कंट्रोलरपासून मोटारीपर्यंत जाणाऱ्या तारांचे जोड पावसाने व धुळीने गंजतात. अशा जोडांत केवळ ०.२ ओहम रोध निर्माण झाला आणि प्रवाह १२ अँपिअर असला, तर तेथेच २.४ व्होल्ट खर्ची पडतात. ३६ व्होल्टच्या सायकलीत ही तूट सुमारे सात टक्क्यांची होय. जवळजवळ २९ वॅट शक्ती त्या जोडाला तापविण्यात जाते. सायकल चालविल्यानंतर एखादा जोड हाताला गरम लागत असेल, तर दोष तेथेच आहे असे समजावे. बॅटरी काढून ठेवून जोड साफ करावेत, सैल झालेले बदलावेत आणि उघड्या पिळलेल्या तारांना नुसती टेप गुंडाळून काम भागवू नये.

ब्रेकच्या मुठीत एक लहान स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटार बंद करतो. हा स्विच अडकून राहिल्यास मोटार मधूनमधून बंद पडते आणि चालकाला वाटते की शक्ती कमी झाली. काही ठिकाणी हा त्रास टाळण्यासाठी स्विचची तारच तोडून टाकली जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे. बिघडलेला स्विच बदलावा, तो कायमचा निकामी करू नये.

बॅटरीची परीक्षा

जुन्या सायकलीच्या मंदपणाचे सर्वांत मोठे कारण सहसा बॅटरी असते. मोटारीची फिरण्याची गती तिला मिळणाऱ्या व्होल्टच्या प्रमाणात असते. भाररहित स्थितीत ४० व्होल्टवर ताशी ३० किलोमीटर गतीने फिरणारे चाक ३३ व्होल्टवर सुमारे २५ किलोमीटर गतीनेच फिरते. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतील रोध वाढतो. उभ्या सायकलीवर ती पूर्ण व्होल्ट दाखविते, पण मोटारीने प्रवाह ओढताच व्होल्ट कोसळतात. म्हणून बॅटरीची परीक्षा सायकल चालू असताना, भाराखाली करावी. साध्या मल्टिमीटरने अनुभवी कारागीर ती काही मिनिटांत करू शकतो.

लिथियम-आयन प्रकारच्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत सेलांचे १० गट एकापाठोपाठ जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्ट आणि सबंध बॅटरी ४२ व्होल्ट दाखविते. एखादा गट दुबळा झाला तर बाकीचे नऊ चांगले असूनही संरक्षक मंडल, म्हणजे बी.एम.एस., बॅटरी लवकर बंद करते. अशा वेळी जुन्या सेलांमध्ये एक-दोन नवे सेल मिसळणे अथवा संरक्षक मंडल वगळून सरळ तार जोडणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. दोन निरनिराळ्या बॅटऱ्या समांतर जोडल्यास अधिक व्होल्टच्या बॅटरीतून दुसरीत अनावर प्रवाह वाहू शकतो.

काही जुन्या सायकलींत शिसे-आम्ल बॅटऱ्या आढळतात. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्यांचे वजन दहा-बारा किलोग्रॅम भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी त्याच्या सुमारे चौथाई वजनाची असते. सायकलीचे व्होल्ट तेच ठेवून असा बदल केल्यास वजन कमी होते, भाराखाली व्होल्ट टिकतात आणि चढावर फरक जाणवतो. खर्च करावयाचाच असेल तर तो येथे करणे सर्वांत योग्य. मात्र बॅटरीबरोबर चार्जरही बदललाच पाहिजे. ३६ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टच्या वर जातो आणि तो लिथियम-आयन बॅटरीस लावणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय.

चार्जिंगची जागाही महत्त्वाची आहे. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानातच चार्ज करावयाचे असतात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सहज गाठली जाते. बाहेरून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये, निजण्याच्या खोलीत अथवा दाराच्या वाटेत ती ठेवू नये आणि रात्रभर चालू ठेवू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्ज होत असलेल्या विद्युत स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात सिकंदराबाद येथे विद्युत स्कूटरच्या विक्रीकेंद्रात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवरील निवासगृहात पसरून आठजण दगावले. सायकलीची बॅटरी स्कूटरच्या बॅटरीपेक्षा लहान असते, पण तिच्यातील रसायन त्याच जातीचे असते.

व्होल्ट वाढविण्याचा मोह

३६ व्होल्टच्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी जोडली की मोटार एक-तृतीयांशाने अधिक वेगाने फिरू पाहते, हे तत्त्वतः खरे आहे. याच कारणाने हा उपाय लोकप्रिय झाला. पण ४८ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट देते. ३६ व्होल्टसाठी बनविलेल्या कंट्रोलरमधील धारित्रे पुष्कळदा त्याहून कमी व्होल्टची असतात आणि ती फुटतात. मग कंट्रोलर बदलावा लागतो, त्यापाठोपाठ डिस्प्ले, चार्जर आणि दिव्यांची जोडणी बदलते. स्वस्त म्हणून हाती घेतलेले काम नव्या सायकलीच्या किमतीकडे सरकू लागते.

दुसरा प्रकार कंट्रोलरमधील प्रवाहाची मर्यादा वाढविण्याचा. प्रवाहाने ओढ वाढते, कमाल वेग फारसा वाढत नाही. प्रवाह दुप्पट केल्यास मोटारीच्या गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. अनेक लहान हब मोटारींत नायलॉनचे दाते असतात. त्यांची झीज या वाढीव ओढीने झपाट्याने होते. तद्वतच मोटारीचा आस सायकलीच्या फाट्यातून निसटण्याचा संभव असतो.

याहून मोठा प्रश्न थांबण्याचा. वेग २५ वरून ३५ झाला की चालत्या सायकलीतील गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबावयास एक सेकंद लागतो असे मानले आणि ब्रेक चांगले धरले, तरी ताशी २५ किलोमीटर वेगाची सायकल थांबावयास सुमारे १३ मीटर लागतात. ताशी ३५ किलोमीटर वेगाला हे अंतर २१ मीटरांच्या वर जाते. गावातील रस्त्यावर अचानक आडवे आलेले गुरू अथवा दारातून धावत निघालेले मूल यांच्या बाबतीत या आठ मीटरांचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ च्या खंड 'यू'मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे. दुचाकी वाहनाच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसेल, तर ते मोटार वाहन समजले जात नाही. पायडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीत मोटारीची मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, अथवा पायडल थांबताच त्याआधीही, बंद व्हावी अशी अपेक्षा आहे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक हेही आवश्यक आहे. वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून संमत झालेला असावा लागतो. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशी एक संस्था होय.

या चौकटीबाहेर गेलेली सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये तिला नोंदणी, विमा आणि चालकास परवाना या सर्व गोष्टी लागू होतात. घरगुती फेरबदलास चाचणी संस्थेची संमती नसते, त्यामुळे अशा सायकलीची नोंदणी होण्याचा मार्गही सहसा खुला राहत नाही. अपघातात कोणी जखमी झाल्यास विम्याचे संरक्षण नसल्याने भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती असे वाहन दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९९-क प्रमाणे पालक अथवा मालक जबाबदार ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी ई-बाईकमध्ये बेकायदा फेरबदल करून तिची शक्ती व वेग वाढविणाऱ्यांवर कारवाई करण्याचे निर्देश परिवहन कार्यालयांना दिले होते. डिस्प्लेमधील आकडा बदलून वेगमर्यादा उठविणे हाही फेरबदलच आहे. त्यात एकही नवा भाग बसविलेला नसला, तरी परिणाम तोच होतो.

फलटणचा अनुभव

मर्यादित शक्तीतून अधिक काम कसे घ्यावे, याचे एक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात सायकलरिक्षाच्या सुधारणेचे काम हाती घेतले. डॉ. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

प्रचलित सायकलरिक्षात गिअर नव्हते, ब्रेकची व्यवस्था अपुरी होती आणि तिची रचना ओढणाऱ्याचे श्रम वाढविणारी होती. संस्थेने एकट्या मोटारीवर भर दिला नाही. गिअर, मागील चाकांचे ब्रेक आणि हवेचा विरोध कमी करणारी रचना असलेली सुधारित पायडल रिक्षा तयार केली. त्याबरोबर मोटारीचे साहाय्य असलेली पायडल रिक्षा आणि 'इलेक्शा' नावाची पूर्ण विद्युत रिक्षा असे आणखी दोन प्रकार विकसित केले. विरोध कमी करणे, थांबण्याची सोय वाढविणे आणि शक्ती जोडणे, या तिन्ही गोष्टींचा विचार तेथे एकत्र झाला. जुन्या विद्युत सायकलीच्या मालकाने हाच विचार आपल्या लहानशा वाहनास लावावा.

गिअरचाच मुद्दा घ्या. अनेक सायकलींत पुढील चकतीस ४४ आणि मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतात. २६ इंची चाकाला या मांडणीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेग राखण्यासाठी मिनिटाला ८२ फेरे मारावे लागतात. ही गती सामान्य माणसाला टिकवता येत नाही, म्हणून तो पाय थांबवितो आणि सर्व भार मोटारीवर पडतो. मागे १६ दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास हेच फेरे सुमारे ७३ होतात आणि पायांची मदत चालू राहते. मोटारीला हात न लावता व नियमभंग न करता मिळणारी ही सुधारणा आहे. प्रदेश चढउताराचा असेल, तर मात्र १८ दातेच ठेवावेत, कारण चढावर लहान फ्रीव्हील गुडघ्यांना जड जाते.

मिनिटांचा हिशेब

अखेर माणसाला आकड्यातील वेगापेक्षा वेळेवर पोचणे हवे असते. समजा, टेंभुर्णीपासून एक वाडी ६ किलोमीटर अंतरावर आहे. मंदावलेली सायकल ताशी १६ किलोमीटर वेगाने हे अंतर साडेबावीस मिनिटांत कापते. हवा, छर्रे, ब्रेक, जोड व बॅटरी ठीक करून तिचा वेग ताशी २४ किलोमीटर झाला, तर १५ मिनिटे लागतात. साडेसात मिनिटे वाचली. आता धोका पत्करून, नियम मोडून, अधिक पैसे घालून ती ताशी ३५ किलोमीटर केली, तर १० मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. आणखी वाचलेला वेळ पाच मिनिटांहूनही कमी. गतिरोधक, वळणे, खड्डे व जनावरे यांनी भरलेल्या प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढाही वाचत नाही.

खर्चाचा क्रम यातून आपोआप ठरतो. प्रथम हवा, तेल व साफसफाई. नंतर ब्रेकची रबरे, केबल, टायर-ट्यूब. त्यानंतर जोड, स्विच व फ्रीव्हील. एवढे करून पुन्हा मोजमाप घ्यावे. भाराखाली व्होल्ट कोसळत असतील तरच मूळ व्होल्टची, योग्य संरक्षक मंडल व चार्जर असलेली, पावतीसह विकत घेतलेली बॅटरी बसवावी. रोजचा प्रवास लांबचा, वजनाचा आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची खरोखर गरज असलेला असेल, तर जुन्या सायकलीत पैसे न घालता नोंदणीकृत विद्युत दुचाकीसाठी ते साठवावेत. सायकलीच्या सांगाड्याकडून स्कूटरचे काम घेणे ही काटकसर नव्हे.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

हा विषय शाळेत शिकविण्यास अतिशय सोयीचा आहे. विज्ञानाच्या पाठ्यक्रमातील ओहमचा नियम, घर्षण, गतिज ऊर्जा व शक्ती या संकल्पना एका सायकलीवर दाखविता येतात. मैदानावर १०० मीटर अंतर आखून एकच सायकल प्रथम कमी हवेवर व नंतर पूर्ण हवेवर पायडल न मारता सोडावी आणि ती किती दूर लोळत जाते ते विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. लोळण्याच्या विरोधाचा अर्थ यानंतर वेगळा सांगावा लागत नाही. दगडापासून दगडापर्यंतचा वेळ मोजून वेग काढणे हे तर गणिताचे उत्तम उदाहरण होय. हा प्रयोग वाहतूक नसलेल्या रस्त्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

ग्रामपंचायतींनाही येथे कार्य आहे. अडचणीच्या घरांतील कुटुंबांसाठी पंचायतीच्या आवारात हवेशीर, सावलीची व योग्य अर्थिंग असलेली चार्जिंगची जागा ठेवल्यास निजण्याच्या खोलीत बॅटरी चार्ज करण्याची पाळी येणार नाही. तेथे वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. मात्र लिथियम बॅटरीने पेट घेतल्यास ती विझविण्याच्या भरीस न पडता माणसांना दूर नेणे व अग्निशमन दलास कळविणे हेच प्रथम कर्तव्य असल्याचे सर्वांना समजावून सांगावे. गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांकडून मल्टिमीटरचा वापर, जोडांची तपासणी व बॅटरीची हाताळणी यांचे दोन-तीन दिवसांचे शिक्षण मिळाल्यास मोठे काम होईल. ग्राहकाने वेगमर्यादा काढून मागितल्यास नकार कसा व का द्यावा, हेही या शिक्षणाचा भाग असावे. निकामी बॅटऱ्या भंगारात फोडल्या न जाता अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाव्यात यासाठी विक्रेत्यांमार्फत त्या परत घेण्याची व्यवस्था उपयोगी पडेल. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये उत्पादकांवर तशी जबाबदारी टाकलेली आहे.

विद्युत सायकल हे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडणारे, शांत व स्वच्छ वाहन आहे. शाळकरी मुलगी, अंगणवाडी सेविका, दूध घालणारा शेतकरी अथवा दुकानात कामास जाणारा तरुण यांना ते स्वावलंबन देते. तिची हवा, तिचे छर्रे, तिचे ब्रेक आणि तिची बॅटरी यांची वेळच्या वेळी निगा राखली, तर तिला मुळात दिलेला ताशी २४-२५ किलोमीटरचा वेग अनेक वर्षे टिकतो, आणि गावापासून वाडीपर्यंतच्या वाटेला तो पुरेसा आहे.